खोडक्यांचा निरंक

जिल्हा कार्यालयातले खोडके दर तिमाहीला सरकारी आरोग्य विम्याच्या खर्चाचा अहवाल बनवत. मोफत उपचार असतानाही रुग्णाच्या खिशातून किती पैसे गेले, असा त्यात एक रकाना होता. तिथे खोडके सहा वर्षं एकच शब्द लिहीत आले होते: निरंक. म्हणजे काहीच नाही. निरंक लिहिलं की वरून कुणी काही विचारत नाही.

यंदाच्या, लोकांसाठी खुल्या आढावा बैठकीत अनसूयाबाई ढवळे उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या ऑपरेशनची औषधं त्यांनी शिलाई मशीन विकून बाहेरून आणली होती. पावती घेऊन त्या दोनदा खोडक्यांच्या टेबलाशी आल्या होत्या आणि दोन्ही वेळा खोडक्यांनी "साहेब नाहीत" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. त्यांना पाहताच खोडक्यांनी मान खाली घातली.

राजोपाध्ये साहेबांनी अहवाल उंच धरला. "बाई, आमच्या जिल्ह्यात कुणाला एक रुपयाही द्यावा लागलेला नाही. हे बघा, सहा वर्षं निरंक. सरकार आकड्यांवर चालतं, रडगाण्यावर नाही."

"मग एक आकडाच सांगा," बाई म्हणाल्या. "हे लिहायच्या आधी किती पेशंटांना विचारलंत?"

"खोडके, सांगा यांना आकडा," साहेब ऐटीत म्हणाले.

खोडके उठले. कितीही शोधला तरी तोंडात दुसरा शब्द येईना.

"निरंक, साहेब."

अनसूयाबाईंनी पावती खोडक्यांपुढे ठेवली.

"भाऊ, सहा वर्षांत हा एवढा एकच रकाना तुम्ही खरा भरलात."