मल्हारबुवांच्या टाळ्या

ओढ्याकाठच्या एका गावात मल्हारबुवा नावाचे एक गवई राहत. गळा बरा होता, रियाज बेताचा होता आणि स्वतःविषयीचं मत मात्र फारच उत्तम होतं. रोज दिवेलागणीला ते अंगणात बैठक मांडत. गावात दुसरी करमणूक नव्हती, आणि गाणं संपल्यावर बुवांच्या पत्नी चिमाबाई सगळ्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत. त्यामुळे अंगण रोज भरे.

आणि टाळ्या काय पडत म्हणता! बुवांनी नुसता सा लावला की इकडून चट्, तिकडून पट्. अंधार दाटत जाई तसा टाळ्यांना जोर चढे. बुवा डोळे मिटून गात, म्हणून ते हात नेमके कुठे पडताहेत हे त्यांना कधी दिसलंच नाही. कुणाचा पोटरीवर पडे, कुणाचा मानेवर, तर कुणाचा शेजाऱ्याच्या टकलावर.

कारण ते अंगण म्हणजे डासांचं माहेरघर होतं. बुवांना कमळांचा भारी नाद, त्यामुळे जिकडेतिकडे पाण्याची कुंडं. म्हशीच्या दगडी डोणीतलं पाणी आठवडेच्या आठवडे बदललं जात नसे आणि न्हाणीचं सांडपाणी भिंतीलगत तुंबून राही. चिमाबाईंनी विषय काढला की बुवा म्हणत, "अगं, कलावंताच्या दारात पाणी हवंच. सूर ओला राहतो." गावकरी भिडेपोटी गप्प बसत आणि घरी जाऊन पाय खाजवत.

या टाळ्यांची कीर्ती हळूहळू राजाच्या कानी गेली. त्याने निरोप धाडला, "पौर्णिमेला गाणं ऐकायला येतो. मनाला आलं, तर दरबारात ठेवून घेतो." बुवांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी नवा फेटा काढला, आरशासमोर उभे राहून मुजऱ्याची तालीम केली. रियाज तेवढा राहून गेला.

चिमाबाईंनी मात्र पदर खोचला. राजा यायचा आणि अंगणात डास? त्यांनी डोण उपसली, घासली आणि उन्हात कोरडी केली. तुंबलेल्या सांडपाण्याला चर खणून ते केळीच्या मुळाशी सोडलं. ओढ्यातले बारके मासे आणून कमळांच्या कुंडांत टाकले. माशांनी पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्यांवर असा ताव मारला की पाणी स्थिर झालं. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं. ओढ्याकडून येणाऱ्या डासांसाठी शेगडीत निखारे घालून त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बुवा गायला बसले. सा लावला. टाळी नाही. तान घेतली. टाळी नाही. बुवांनी एक डोळा हळूच उघडून पाहिलं, तर मंडळी हात मांडीवर ठेवून निवांत बसलेली! बुवा घाबरले, आवाज चढवत गेले आणि शेवटी घसा फाटला. तरी टाळी पडली नाही.

गूळ-शेंगदाणे घेताना म्हातारे शंभूतात्या खुशीत म्हणाले, "बुवा, आज लई सुख झालं बघा. एक डास न्हाई! इतक्या वर्षांत पयल्यांदा हाताला इसावा."

बुवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांना इतकी लाज वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही. आणि लाजेहून मोठी होती भीती. उद्या राजासमोर टाळीच पडली नाही, तर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, राजा यायच्या बेतात असताना, बुवा तांब्याभर पाणी घेऊन गुपचूप शेगडीपाशी आले. निखारे विझवले की ओढ्याकडचे डास येणार आणि डास आले की टाळ्या. तांब्या कलता झाला होता. एवढ्यात पलीकडून आवाज आला. चिमाबाई आपल्या लेकीच्या, कावेरीच्या, घोट्यावरच्या जुन्या चाव्यांना तुळशीची पानं चुरडून लावत होत्या. "खाजवू नको गं, चिघळेल," त्या म्हणत होत्या.

कावेरीने बापाला पाहिलं आणि ती उडी मारूनच म्हणाली, "बाबा, काल मला तुमचं गाणं ऐकू आलं! रोज मी नुसती खाजवतच बसते ना!"

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं, स्वतःच्या हाताने शेगडीत आणखी मूठभर पाला टाकला आणि तंबोरा जुळवायला बसले.

राजा आला, बसला. बुवा गाऊ लागले. आज डोळे उघडे होते. समोर लेक ऐकत होती, म्हणून ते तिच्यासाठी गायले, आवाज न चढवता, जपून. दोन ठिकाणी सूर हलला, तो त्यांनी सावरून घेतला. गाणं संपलं. मग राजाचे हात वर झाले आणि जोरात वाजले.

बुवा घाईने पुढे सरसावले, "महाराज, डास?"

"नाही बुवा," राजा हसून म्हणाला, "टाळी!"

सारं अंगण हसलं आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बुवा पुन्हा रडले, पण आनंदाने.

निघताना शंभूतात्यांकडून डासांची सगळी हकिगत ऐकून राजा चिमाबाईंना म्हणाला, "बाई, दरबारात मी तोंड उघडलं की फार टाळ्या पडतात. जाऊन आधी आमच्याकडे कुठं कुठं पाणी साचलंय ते बघतो."

तात्पर्य: कौतुकाने हुरळून जाण्याआधी ते नक्की कशाचं आहे हे पाहावं, आणि डास मारत बसण्यापेक्षा दारात साचलेलं पाणी आधी उपसावं.