हरणांसाठी उठवलेली गावं

फार जुन्या काळी, धुक्यात बुडालेल्या एका बेटावर एक राजा राज्य करत होता. समुद्र ओलांडून आला, तलवारीच्या जोरावर त्याने बेट जिंकलं आणि तिथलं झाड न् झाड त्याला आपलं वाटू लागलं.

राजाला शिकारीचा भारी नाद. हरणांना मोकळं रान हवं, म्हणून त्याने नदीकाठची गावंच्या गावं उठवली. उभा गहू जाळला. घरं पाडली. हरणं बुजतात म्हणून देवळाची घंटासुद्धा उतरवली! वर हुकूम सोडला, "परवानगीवाचून रानात पाऊल टाकील, त्याचे डोळे काढा."

एका म्हातारीचा मुलगा आपल्या पाडलेल्या घरातलं जातं आणायला गेला. शिपायांनी त्याला धरलं आणि हुकूम बजावला.

म्हातारी आंधळ्या मुलाचा हात धरून दरबारात आली. "तुझं हरण आमच्या शेतात शिरलं, तर आम्ही हात जोडून उभं राहायचं. माझं पोर स्वतःच्या घरात शिरलं, तर त्याला आंधळं करायचं. हा कुठला न्याय रे?"

राजा हसला. "रान माझं, हरणं माझी, कायदाही माझा."

"रान असेल तुझं," म्हातारी कडाडली. "माझ्या पोराचे डोळे तुझे नव्हते!"

एकाही दरबाऱ्याला लाज वाटली नाही. शिपायांनी मायलेकरांना ढकलत बाहेर काढलं.

पुढे एका शिकारीत राजा सोबत्यांना मागे टाकून सांबरामागे सुटला. घोडा ठेचकाळला आणि राजावरच कोसळला. मांडीचं हाड मोडलं, रक्त थांबेना. तो जिवाच्या आकांताने ओरडू लागला.

रानाच्या कडेला एक गुराखी थबकला. "आत कुणीतरी मरतंय!" म्हणत तो धावला.

पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "मागे हो. आत गेलास तर तुझे डोळे जातील."

"मग तू तरी जा!"

"पहारा सोडला तर माझेही जातील."

दोघं तिथेच उभे राहिले. अंधार पडता पडता हाका थांबल्या.

सोबत्यांना राजा सापडला तेव्हा तो थंडगार पडला होता. शेजारी हरणं निवांत चरत होती. त्याच्यासाठी त्या मुलखात कुणी रडलं नाही.

जो राजा दयेलाच गुन्हा ठरवतो, त्याच्या स्वतःच्या मरणाच्या वेळीही कुणाला दया करता येत नाही.