आजीच्या रानातली वाट

एकदा एक म्हातारा होता, आणि ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. शपथेवर सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे गोष्ट घडली घाटाच्या वर आणि मी त्या वेळी होतो घाटाच्या खाली, त्यामुळे डोळ्यांदेखत म्हणणे थोडे जास्तच झाले. पण ज्याने मला सांगितली त्याने सगळे पाहिले होते. तोही अधूनमधून थापा मारतो, हा भाग वेगळा. तेव्हा गोष्ट खरी आहे असे धरून चालू.

म्हातारा डोंगरातल्या एका वाडीत राहायचा. शहाणा म्हणून त्याचा पंचक्रोशीत लौकिक होता; बांधाचे भांडण असो की रुसलेली सून, लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसत. वाडीच्या डोक्यावर देवराई होती. देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली झाडे कोणी लावली नव्हती आणि कोणी तोडलीही नव्हती. आतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी आणायची नाही, शिरताना पायातले बाहेर काढून ठेवायचे, असा दंडक होता. भर दुपारी आत तिन्हीसांजेचा उजेड असायचा. या झाडावरून त्या झाडावर गारंबीची वेल गेलेली होती. मांडीएवढी जाड, कुठे फांदीला वेटोळे घातलेली, कुठे जमिनीवर अजगरासारखी लोळलेली. म्हाताऱ्याच्या आजोबांनीही ती पाहिली होती ती अशीच, एवढीच.

आता त्याचा शिष्य. तो शहाणपण शिकायला आला नव्हता. तो खांदा मोडून आला होता. डोंगरउतारावरून सायकल पिटाळायचा त्याला नाद. एका रविवारी देवराईतून भरधाव उतरताना त्या गारंबीला चाक अडले, सायकल तिथेच राहिली आणि हा पुढे गेला. म्हाताऱ्याने त्याला घरी आणले, खांदा बांधला. त्याच्या म्हातारीने नाचणीची पेज भरवली आणि वर दटावले, "सायकल पडली तर पडू द्यायची की रं. तू कशाला तिच्या पुढं जाऊन पडलास?"

खांदा सांधला, पण पोरगा येतच राहिला. म्हाताऱ्याबरोबर रान हिंडायचा, झाडे ओळखायला शिकायचा, म्हातारीला आजी म्हणायचा. त्याच्या मनात एकच बोच होती. पडण्याच्या आधी त्याने देवराईतल्या उताराचा नकाशा मोबाइलवर टाकला होता, 'याच्यासारखा उतार अख्ख्या डोंगरात नाही' असे लिहून. पुढे त्याने तो काढून टाकला. पण तोवर तो शहरातल्या सगळ्या सायकलवाल्यांकडे पोचला होता.

ते येऊ लागले. दर रविवारी, रंगीबेरंगी टोप्या घालून. वाईट मुले नव्हती. म्हाताऱ्याने त्यांना देवराईच्या तोंडाशी अडवले.

"पोरांनो, आत देव हाये. इथं पायातलं काढत्यात."

"सॉरी आजोबा, माहीत नव्हतं." सगळ्यांनी निमूटपणे बूट काढले, दगडावर ओळीने मांडले, हात जोडले, आणि अनवाणी पायांनी पुन्हा सायकलींवर बसले. एकजण म्हणाला, "तसंही आजोबा, आमचे पाय जमिनीला लागतच नाहीत!"

बाकीचे हसले. म्हाताऱ्यालाही हसू आवरले नाही. मग चाके आत गेली.

मनाईची पाटी लागली, तर पाटीला सायकली टेकवून त्यांनी फोटो काढले. आडवे ओंडके टाकले, तर त्यांना त्यावरून उड्या मारण्यात अधिकच गोडी वाटू लागली. पावसाळ्यात चाकोऱ्यांतून पाणी वाहिले, मुळांवरची माती गेली, मुळे उघडी पडली. त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली. तापाचे निमित्त झाले आणि गेली.  म्हातारा घरामागच्या रानात जाऊन बसू लागला.

त्या रानाचे सांगायला हवे. म्हातारा-म्हातारीला मूलबाळ नव्हते. देवराईच्या शेजारी त्यांचा मुरमाड उतार होता, कुसळ सोडून काही उगवत नसे. लग्न होऊन आल्यावर म्हातारीने तिथे एक जांभूळ लावले, मग रिठा, मग आंबा, ऐन, बेहडा. उन्हाळाभर झऱ्यावरून डोक्यावर हंडा घेऊन पाणी घालायची. दरवर्षी लावतच राहिली. उतारावर दाट झाडी झाली. वाडी तिला 'आजीचं रान' म्हणायची. रिठ्याखालून जाताना म्हातारा खोडाला हात लावूनच पुढे जाई. शिष्याने ते पाहिले होते आणि न पाहिल्यासारखे केले होते.

दिवाळीनंतर एका सकाळी दोघे देवराईत गेले, तर वाटेवर आडवी असलेली गारंबी कोणी करवतीने कापून काढली होती. वाट मोकळी झाली होती. कापल्या तोंडांतून पाणी ठिबकत होते. वर पाहिले तर शेंड्यापर्यंत तिची पाने मलूल झाली होती.

म्हाताऱ्याने एक कापले तोंड हातात धरले. मग म्हणाला, "पोरा, ही माणसं कशानं थांबतील?"

"सायकलवाल्याला मनाई दिसत नाही, आजोबा," शिष्य खाली मान घालून म्हणाला. "त्याला फक्त उतार दिसतो. याच्याहून झकास उतार मिळाला, तर इकडे फिरकणार नाही."

"मग मला शिकव. झकास वाट कशी पाडत्यात?"

शिष्य चकित झाला. पण गुरूच शिष्य झाला म्हटल्यावर याला गुरू व्हावेच लागले. वाडीपलीकडच्या उघड्या माळावर त्याने वाट आखली. वळणाची बाहेरची कड उंच का ठेवायची, पाणी वाटेवर न थांबता बाजूला कसे काढायचे, उंचवटा कुठे द्यायचा, सारे दाखवले. म्हातारा टिकाव घेऊन राबला. सायकलवाले आले, एक फेरी मारली, "मस्त आहे आजोबा" म्हणाले आणि पुढच्या रविवारी पुन्हा देवराईत शिरले.

शिष्याने त्यांना गाठून विचारले. ते म्हणाले, "अरे, तिथे उन्हात कोण भाजून घेणार? झाडांच्या मधून वळसे घेत सुटायचं, त्यात मजा आहे. तूच तर लिहिलं होतंस!"

शिष्याने ते शब्द जसेच्या तसे म्हाताऱ्याला सांगितले. सांगितले नसते तर बरे झाले असते, असे त्याला आजही वाटते.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा ओटा रिकामा होता. घरामागून टिकावाचा आवाज येत होता. शिष्य धावला. आजीच्या रानात, वरच्या जांभळापासून खाली झऱ्यापर्यंत, झाडांच्या मधून नागमोडी वाट उतरली होती. करवंदीच्या जाळ्या तोडल्या होत्या, आंब्याची दोन पोरसवदा रोपे आडवी पडली होती. आणि म्हातारा रिठ्याच्या बुंध्याशी वळण खोदत होता. टिकावाच्या प्रत्येक घावाला मुळाचा पांढरा कपचा उडत होता. वळण सुंदर होते. बाहेरची कड अगदी हवी तेवढी उंच. शिकवल्यापेक्षाही सरस.

"आजोबा, हे काय करताय?" शिष्याने टिकावाचा दांडा धरला. "आजींचं रान आहे हे! डोक्यावर पाणी वाहून जगवलंय त्यांनी!"

तेव्हा म्हातारा टेकला, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला:

"बाळा, ही झाडं लावलेली आहेत. जे कुणी लावलं, ते पुन्हा कुणीतरी लावू शकतं. देवराई कुणीच लावलेली नाही. ती गेली तर कुणाकडं बोट दाखवून म्हणशील, की यानं लावली होती, आता तू लाव? म्हातारीनं केलं ते तुला जमंल. त्या रानानं केलं ते कुणालाच जमायचं नाही."

"पण आजी पुन्हा यायच्यात का लावायला?"

"नाही. पर देवाचं रान द्यायला ते माझं नव्हतं. माझं म्हणून द्यायला माझ्यापाशी एवढंच होतं."

शिष्याने दांडा सोडला.

सायकलवाले आले आणि वेडे झाले. असा उतार कुठे नाही, असे ते एकमेकांना लिहू लागले. दोन-तीन रविवारांत देवराईकडची गर्दी ओसरली, मग थांबलीच. चाकोऱ्यांत पाचोळा साठला. पुढच्या पावसात त्यातून नेच्याचे कोवळे कोंब आले. गारंबीला मात्र धुमारा फुटला नाही. तिच्या वरच्या फांद्या अजून तशाच लटकत आहेत, वाळलेल्या.

आणि आजीच्या रानातला रिठा तिसऱ्या वर्षी उभ्या उभ्या वाळला. म्हातारा वळणाशी दगडावर बसलेला असायचा. सायकली सूं सूं करत जायच्या, पोरे ओरडायची, "थँक यू, आजोबा! काय वळण काढलंय!" म्हातारा हात वर करायचा.

सज्जनहो, आपण जेव्हा काही वाचवल्याचा आनंद मानतो, तेव्हा त्याची किंमत कोणाच्या परसातून गेली, एवढे एकदा विचारून घ्यावे.

आता कबूल करायला हवे, कारण सुरुवातीलाच शपथ घेऊन बसलो आहे. देवराई खरी, वाट खरी, रिठा खरा. म्हाताऱ्याचे ते भाषण मात्र माझे आहे. दृष्टांतात शहाण्या माणसाला शेवटी काहीतरी बोलावे लागते, म्हणून मी ते त्याच्या तोंडी घातले. शिष्याने दांडा धरून विचारले, तेव्हा म्हातारा काहीच बोलला नव्हता. तो त्या अर्ध्या खोदलेल्या वळणात मटकन खाली बसला, दोन्ही हात मातीत रोवले आणि लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडला. शिष्याला काय करावे कळेना.  मग त्याने टिकाव उचलला आणि उरलेले वळण स्वतः पुरे केले.