राजाचा न फुटणारा कप

"गॉटहार्ड, तुझे कप फुटतात!" राजा बाल्डविन ओरडला. त्या महिन्यातला एकोणिसावा कप त्याने नुकताच भिंतीवर आपटला होता. चहा गरम लागला की कप भिंतीवर. गार लागला, तरी भिंतीवरच!

गॉटहार्ड युरोपातल्या त्या छोट्या राज्यात चिनी मातीच्या कारखान्याची भट्टी सांभाळायचा. भोळा माणूस. तो म्हणाला, "महाराज, आपटल्यावर फुटणारच की."

"मला शिकवतोस? महिन्याभरात न फुटणारा कप आण! भर दरबारात आपटून बघणार. फुटला, तर कारखान्याला टाळं, आणि तू किल्ल्याच्या कोठडीत!"

गॉटहार्ड घरी आला तो जेवलाच नाही. त्याची मुलगी ओटिली कारखान्यात कपांवर फुलं रंगवायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, माती नेहमीचीच मळा. भट्टीही नेहमीसारखीच लावा."

"आणि मग?"

"मग जेवून घ्या!"

कप तयार झाला. ओटिलीने त्यावर चार दिवस बसून काहीतरी रंगवलं. गॉटहार्डने डोकावून पाहिलं. "अगं, हे काय? नुसते राखाडी डाग!"

"भट्टीत रंग उजळतात, हे मी तुम्हाला सांगू का बाबा?"

ठरल्या दिवशी दरबार भरला. ओटिलीने फडक्यात गुंडाळलेला कप राजाच्या हाती दिला. राजाने फडकं भिरकावलं, हात उगारला आणि तो हात तसाच वर राहिला.

कपावर राजमाता होत्या! गुलाबी गाल, हनुवटीवरचा तीळ आणि लेकाकडे रोखलेले डोळे.

खऱ्या राजमाता शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, थांबलास का? आपट की!"

राजाने हात हळूच खाली घेतला. "प्रधानजी, तुम्ही आपटा."

"मी? राजमातांना?" प्रधानजी दोन पावलं मागे सरकले. सेनापती छताकडे बघू लागले.

"पोरी, ही लबाडी आहे!" राजा म्हणाला. "कप तर साधाच दिसतोय!"

"अगदी साधा, महाराज. माती तीच, भट्टी तीच. पण आजार तुमच्या हाताला होता. मग औषध मातीला कशाला देऊ?"

गॉटहार्डने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात राजमाता खुदकन हसल्या. मग राजा हसला, इतका की त्याचा केसांचा टोप कानावर घसरला.

"जिंकलीस! कारखाना चालू राहील. आजपासून तू तिथली मुख्य चितारी. आणखी काय हवं?"

"प्रत्येक कपाच्या तळाशी आमच्या कारखान्याची खूण असावी, महाराज. आणि तुमच्या जेवणाच्या ताटल्याही मलाच रंगवू द्या."

"दिलं! रंगव! पण पोरी, ताटलीवर आई नको हं. एक घासही ताटात टाकून उठता यायचं नाही!"