सरपंचांच्या घरचा साक्षीदार

वर्ध्याकडच्या एका गावात अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या चंद्रकला मसराम यांनी मनासारखं घर बांधलं. भिंती मातीच्या, दोन फूट जाड. ओसरी रुंद, आणि पश्चिमेला एकही खिडकी नाही. सरपंच देवराव ढोबळेंनी समोरच बंगला बांधला होता आणि रस्त्यावरून दिसावा म्हणून पश्चिमेला नुसत्या काचा लावल्या होत्या. बाईंचं मातीचं घर त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं.

मे महिन्यातल्या भर दुपारी त्यांनी बाईंच्याच अंगणात ग्रामसभा बोलावली. गावातली लाइट गेलेली. मंडपाखाली माणसं घामानं चुळबुळत होती.

"हे घर आहे का वारूळ? गावाची अब्रू जाते. पाडा अन् सिमेंटचं बांधा!" सरपंच गरजले.

"घर राहण्याजोगं आहे, याला साक्षीदार दिला तर?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या नात्यातला नको. माझ्या घरचं खाणारा आणा, मग घराला हात लावणार नाही!" आपल्या घरातलं कोणी तोंड उघडणार नाही, याची सरपंचांना खात्री होती.

बाईंनी दार ढकललं. आत सारवलेल्या गार जमिनीवर सरपंचांचा केसाळ विलायती कुत्रा पाय ताणून घोरत होता.

"लाइट गेली की रोज येतो," बाई म्हणाल्या.

सभेत हशा पिकला. सरपंच ओरडले, "टायगर, चल घरी!"

टायगरनं एक डोळा उघडला, मालकाकडे पाहिलं आणि कूस बदलून भिंतीला पाठ लावली.

"राहू द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "उन्हं उतरली की येईल तो. तोवर तुम्हीही आत बसा."