तीन हाका

"तीन हाका मारूनही जो माणूस ओ देत नाही, त्याला कामावर ठेवायचं तरी कशाला, चाचा?"

दस्तगीरचाचा निरंजनच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले.

निरंजनचा हात नकळत मिशीवरून फिरला. ही झुपकेदार मिशी त्याने मॅनेजर झाल्यावर राखली होती, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव.

चाचा म्हणजे इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्याचे जुने जॉबर. चाळीस वर्षं त्यांनी बिघडलेले माग दुरुस्त केले. तुटलेला धागा कसा सांधायचा, हे निरंजनला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. आता चाचा घरी असत आणि निरंजन त्या कारखान्याचा कारभार पाही. आल्या आल्या त्याने भिंतीवर हातभर अक्षरांत नियम रंगवला होता : तीन हाकांत ओ आलीच पाहिजे.

"कोण देत न्हाई ओ?" चाचांनी विचारलं.

"सुगंधा. घडी खात्यात कापड तपासते. मालकांनी आणलीय. तिला ऐकू येत नाही."

"काम कसं करती?"

"काम... काम चांगलं आहे. बारीकसा डागसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही." निरंजनचा आवाज जरा खाली आला, पण त्याने लगेच सावरून घेतलं. "पण शिस्त नको का, चाचा? मी पाठीमागून हाका मारतोय आणि ही मान वर करत नाही. बाकीचे गालात हसतात. त्यात हिचं जमलं तर हिच्या कर्णबधिरांच्या शाळेतली आणखी चौघं घ्यायची म्हणतायत मालक. मग मी कारखाना चालवायचा कसा?"

त्याने खिशातून एक कागद काढून मांडीवर ठेवला. सुगंधाने उद्यापासून कामावर येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. फक्त सही बाकी होती. सही करण्याआधी चाचांना विचारून ये, अशी मालकांची अट होती. निरंजन विचारायला आलाच नव्हता म्हणा, तो होकार घेऊन जायला आला होता.

चाचांच्या हातात मागात आडवा धागा नेणारा एक जुना लाकडी धोटा होता. पॉलिश पेपरने ते त्याची कड घासत होते.

"मघाशी आलास तवा फाटकाकडं माझी पाठ हुती. हाक मारलीस काय मला?"

"मारली की. चांगली तीनदा मारली."

"मग? दिली काय मी ओ?"

"नाही. पण तुम्ही कामात होता."

"आनि ती काय पत्ते खेळत असती व्हय?"

निरंजनने मांडीवरचा कागद उगाच सरळ केला.

चाचांनी धोटा खाली ठेवला. एक बोट उजव्या कानाला लावलं, मग डाव्या कानाला, आणि हात नकारार्थी हलवला.

"दोन्ही गेलं. मागांच्या खडखडाटानं खाल्लं."

"पण... मग इतका वेळ माझं बोलणं?"

"तोंड बघतोय तुझं. मिशी जरा बारीक कर. निम्मं शब्द तिच्यातच अडकत्यात."

एरवी निरंजन हसला असता. आज त्याला लाज वाटली. इतकी वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांचे कान गेल्याचं त्याला ठाऊकही नव्हतं.

"तीन हाका झाल्या," चाचा म्हणाले. "मी ओ दिली न्हाई. मग तू काय केलास?"

"मग... आत आलो. वळसा घालून तुमच्या समोर येऊन बसलो."

बोलता बोलता तो थांबला... मांडीवरचा कागद त्याने उचलला, एकदा वाचला आणि फाडून टाकला.

तरी एक काटा राहिलाच होता.

"पण चाचा, नियम मी केलाय. माझ्याच हाताने भिंतीवर रंगवलाय. मीच मोडला तर उद्या माझं ऐकेल कोण?"

चाचांनी धोटा पुन्हा हातात घेतला. ते मनापासून हसले.

"मोडला कुठं, पोरा? तीन हाकांत ओ आलीच की. समोर येऊन तूच दिलीस."