दंडाला सापडलेलं दार

समुद्रापारच्या एका थंड बंदरात, मासळीच्या कारखान्यात राबणारी कमळाबाई तांडेल जास्तीचा कापलेला आयकर परत मागायला कचेरीत आली. दुभाषी टिपणीसांनी मासळीच्या वासाने आपली खुर्ची हळूच लांब सरकवली.

"भाऊ, बोलण्यावरून राजापूरकडचे वाटता," ती म्हणाली.

"छे, मी इथलाच," टिपणीस पुटपुटले आणि त्यांचे कान तापले.

साहेब नियमांचा पक्का. त्याने अर्ज परत सरकवला. "कारखान्याच्या आवारातली पत्र्याची खोली हा काही पत्ता नव्हे. पत्ता नाही म्हणजे बाई इथली रहिवासी नाही, आणि रहिवासी नाही तर परतावा नाही!"

टिपणीसांनी खालमानेने ते मराठीत सांगितलं. कमळाबाईने पिशवीतून याच कचेरीचं जुनं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"साहेबांना विचारा, गेल्या साली तुमची दंडाची नोटीस याच खोलीच्या दारात बरोबर पोचली. मग परत द्यायच्या वेळीच माझं दार कसं हरवतं?"

टिपणीसांनी शब्दन्‌शब्द सांगितला. साहेबाने पाकिटावरचा पत्ता वाचला, चष्मा पुसला आणि अर्ज ओढून घेऊन त्यावर मंजुरीचा शिक्का मारला.

कमळाबाई उठली. "साहेबांना माझं घर सापडलं, भाऊ. तुम्हालाही तुमचं गाव सापडेल."

टिपणीसांनी खुर्ची पुन्हा जवळ ओढली, पण समोरची जागा रिकामी झाली होती.